फिरंग्यांची टेकडी

"बोल रे, वय काय तुझं?" जमिनीवरून फुटक्या बशीचा तुकडा उचलला की मॅडम तो अंगठ्याने पुसत असं विचारायच्या. कल्याणच्या खाडीकाठी रविवारी सकाळी मातीशी गप्पा मारणारी, टोपीवाली बाई तुम्ही पाहिली असेल, तर त्या ह्याच.

आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. खाडीकाठच्या एका टेकडीवर पोर्तुगीजांची गढी होती, हे त्यांचं लाडकं मत. त्यासाठी त्यांनी व्याख्यानं दिली, भांडणंही केली. शेवटी लोकच तिला 'फिरंग्यांची टेकडी' म्हणू लागले. तिथे फलक लावायचं ठरलं, अनावरणाला अर्थातच मॅडम.

"त्याआधी नीट पुरावा हवा," म्हणत त्यांनी मला कामाला जुंपलं. खोदायला परवानगी नव्हती; वर पडलेलं तेवढंच वेचायचं. दोऱ्या ताणून चौकोन आखले, प्रत्येक चौकोनाची पिशवी वेगळी. मला सुरुवातीलाच मंगलोरी कौलाचा तुकडा मिळाला. मी हळूच म्हटलं, "मॅडम, हे इंग्रजी अमलातलं ना?"

"एका तुकड्यावर जायचं नाही, सर. एखादा पाहुणाही असतो."

पण पाहुणे वाढतच गेले. छापील निळ्या नक्षीच्या विलायती बश्या, साच्याची शिवण दिसणाऱ्या सोड्याच्या बाटल्या, रुळांचे खिळे. ठाण्यात कोपरीला त्यांच्या घरी आम्ही सगळं वर्तमानपत्रांवर मांडलं. पोर्तुगीज काळातलं एक खापरसुद्धा नाही. मॅडम एकेक तुकडा पुन्हा उलटून पाहत राहिल्या. मी उगाच चहा ढवळत राहिलो.

आणि त्या एकदम खदखदून हसायला लागल्या. "अहो सर, खाली काय असेल ते असो, पण वर तर रेल्वे बांधणाऱ्या साहेबाचा बंगला दिसतोय! मेला आरामात सोडा पीत बसला होता, आणि मी त्याला पोर्तुगीज करून टाकलं!"

कार्यक्रमात त्यांनी माइकवरच सांगितलं, "मी चुकले होते. कशी, ते दाखवते." तुकडे हातोहात सगळ्या रांगांमधून फिरले. अध्यक्ष कासावीस झाले. "मॅडम, फलक कोरून झालाय हो!"

"मग मागची बाजू वापरा."

इतक्या टाळ्या त्यांच्या गढीला कधी मिळाल्या नव्हत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या मुलीकडे नाशिकला कायमच्या राहायला गेल्या. ठाण्याच्या खोपट स्टँडवर त्यांना एसटीत बसवलं आणि जड मनाने घरी जायला रिक्षात बसलो. थोड्याच वेळात फोन वाजला. "सर, गाडी माजिवड्याला अडकलीय. रस्त्याकडेला केवढं खोदून ठेवलंय! ढीग उचलायच्या आत बघून या ना."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, वळवा. माजिवडा."