इमामपूरचा घाट आणि माझा डावा पाय

इमामपूरच्या घाटात माझी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मागून आलेल्या एसटीतल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या... एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. मी तेव्हा सोनईजवळ कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होतो.

गाडी म्हणजे दोनच सीटची, वरून उघडी, लालभडक विलायती स्पोर्ट्स कार. पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी वापरून वापरून दमवलेली. मी तिच्या प्रेमात पडलो आणि घेऊन आलो... अक्कल नंतर आली.

सपाटीला गाडी वाऱ्यासारखी पळायची. घाट लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलेना. करपल्याचा वास यायचा. मग माझी बायको विमल निमूटपणे उतरायची आणि पदर खोचून घाट चालत चढायची. तिचं माहेर नगरला, त्यामुळे हे दर महिन्याला ठरलेलं.

बरं, रोग तरी एक असावा! क्लच सोडताना गाडी थरथरायची, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की खालून ‘खट्ट’ आवाज यायचा. एका मिस्त्रीने क्लचप्लेट बदलली, ती दोन महिन्यांत जळाली. दुसऱ्याने पुन्हा नवी प्लेट घालून स्प्रिंगही बदलल्या. तिसरा म्हणाला, इंजिनातच दम नाही, विकून टाका.

शेवटी विमल म्हणाली, “पुढच्या वेळी मी एसटीने जाईन. तुम्ही या मागून.” रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. मी नगरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो रविवारी येऊन गाडी नेणार होता... खोटं कशाला सांगू, दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही दोघं घोडेगावला दाविद मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री ट्रकवाले. अशी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण आधी गाडीखाली सरपटत गेले, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा हाताने पिरगाळून पाहिला आणि आतूनच ओरडले, “खट्ट इथं हाय! क्रॉस गेलाय!” क्रॉस म्हणजे त्या दांड्याचा सांधा. तासाभरात ट्रकच्या सामानातून काहीतरी घासूनपुसून बसवलं, आणि तो आवाज गेला तो गेलाच. इंजिनाचे ढिले बोल्ट आवळले, तशी थरथरही थांबली.

राहिला क्लच. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. इंजिन गपकन बंद! “प्लेट धरतीया की साहेब. हिला काय बी झाल्यालं न्हाई.” मी म्हटलं, मिस्त्री, मग घाटात चला.

गाडीत बसताना त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात पायताण घालून बसायचं नाही, हा त्यांचा नेम. अनवाणी पायाने त्यांनी गाडी घाटावर अशी नेली, की मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. ना वास, ना बोंब.

खाली येऊन मी स्टिअरिंगला बसलो. पहिल्याच वळणावर पुन्हा तेच रडगाणं! मिस्त्री माझ्याकडे बघेनात, वाकून खाली बघायला लागले.

“साहेब, तुमचा डावा पाय कुठं हाय?”

पाय क्लचवर होता. कायमचाच होता. त्या गाडीत पाय ठेवायला जागा इतकी चिंचोळी, की माझे कालव्याच्या चिखलातले जाडजूड बूट दुसरीकडे मावायचेच नाहीत. सहा महिने मी क्लच अर्धवट दाबून गाडी चालवत होतो, त्यामुळे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नव्हता, आणि त्या बुटाच्या तळव्यातून मला ते कळत नव्हतं... तीन मिस्त्रींनी गाडी उघडली, माझे पाय कोणी बघितले नाहीत.

मी बूट काढले. पण सवय जाते कुठं! अर्धा घाट चढलो की पाय आपोआप पुन्हा क्लचवर. चारदा गेलो, चारदा खाली आलो. शेवटी घोडेगावला परतल्यावर मिस्त्रींनी हात जोडले. “लई अवघड हाय, साहेब.” मी मनातल्या मनात गाडी व्यापाऱ्याला देऊन टाकली.

एवढा वेळ मिस्त्रीणबाईंजवळ चहा पीत बसलेली विमल उठली. चपला काढल्या, पदर खोचला आणि म्हणाली, “अहो, सरका जरा तिकडं.”

मी सरकलो. का सरकलो, मला आजही सांगता येणार नाही. घाट लागताच तिने दुसरा गिअर टाकला, डावा पाय गुडघ्यात दुमडून मागे घेतला, आणि गाडी सरळ घाट चढायला लागली... एक उसाचा ट्रक मागे पडला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं, आणि मग जोरात हॉर्न वाजवला.

वर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली. मी विचारलं, तुला हे कधी आलं? म्हणाली, “बाबांची जीप होती ना. लग्नाच्या आधी मीच चालवायची.”

लग्नाला दीड वर्ष झालं होतं... गाडी आल्यापासून या बाईने दर महिन्याला हा घाट पायी चढला होता, आणि तुला गाडी येते का, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. भयंकर लाज वाटली. आणि त्याच क्षणी, काय सांगू, इतका आनंदही झाला, की मी एकटाच हसत सुटलो.

व्यापाऱ्याला रविवारी चहा पाजून परत पाठवलं. गाडी पुढे नऊ वर्षं आमच्याकडे राहिली. घाटात विमल चालवायची, सपाटीला मी. दाविद मिस्त्री आता नाहीत, पण त्यांचे उपकार आहेत. त्या शुक्रवारपासून मी विमलला ‘तुला आणखी काय काय येतं?’ असं विचारत आलोय... आणि अजूनही दर वेळी काहीतरी नवीनच कळतं.