इंदूने सोडलेली खुर्ची

देवासच्या टेकडीखालच्या गल्लीत जगदेवराव फेटे बांधतात. फेटा वळायला दोन माणसं लागतात. एक पीळ देतं, दुसरं लांब उभं राहून टोक ताणून धरतं. टोक धरायला कायम त्यांची लेक इंदू. आई गेल्यावर घरही तिनेच धरलं. लग्न राहून गेलं. तिच्या केसांत रुपेरी छटा कधी शिरली, ते कुणी पाहिलं नाही.

या घरची जुनी रीत अशी, की मुलाने बापाला तोंडावर उत्तर द्यायचं नाही. काय ते घरातल्या बाईमार्फत कळवायचं. पुढे धारच्या एका लग्नात इंदूचा थोरला भाऊ यशवंतराव पाहुण्यांत बोलून गेला, आता तयार फेटे टोपीसारखे घालता येतात, तेच बरे. जगदेवराव मागेच उभे होते. तेव्हापासून बापलेक बोलले नाहीत, आणि रीतीने त्यांचा अबोला झाकून घेतला. बाहेरचे म्हणायचे, केवढी मर्यादा आहे या घरात.

दोघे एकाच खोलीत जेवत. जगदेवराव, म्हणजे मुलांचे आबा, म्हणत, इंदू, त्याला सांग गॅस संपलाय. दादा म्हणे, इंदू, आबांना विचार दवाखान्यात कधी जायचंय. निघालेला शब्द कडू असे, पोचताना गोड होई. मधला सगळा कडवटपणा इंदूच्या घशात उतरत राहिला.

गेल्या हिवाळ्यात तिला धारच्या मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायचं काम मिळालं, राहायच्या खोलीसकट. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी तिने होकार कळवला, आणि त्याच आठवड्यात तिचा आवाज गेला. नुसती कुजबुज उरली. घशाच्या डॉक्टरांना काही सापडेना. त्यांनी समुपदेशक अंकिता मॅडमकडे पाठवलं, आणि मॅडमनी बाप, भाऊ, दोघांनाही बोलावलं.

दोघांनी आल्याआल्या तेच सांगितलं. इलाज हिचा करा, आम्ही ठीक आहोत.

अंकिता देवासचीच, पण हिंदी शाळेत शिकलेली. मराठी अडखळत बोलायची. "जिला आजारी म्हणून आणतात ना, बाबूजी, तिच्यात कधी कधी पूर्ण घराचा आजार दिसतो. दोघांना आपसात बोलता येत नाही, मग ते तिसऱ्याला मधे उभं करतात. तिसरा थकतो."

तिने इंदूची खुर्ची उचलून खिडकीशी नेली. बापलेकांच्या खुर्च्या समोरासमोर केल्या. म्हणाली, इंदूताई धारला गेल्यावर घर कसं चालेल, एवढंच एकमेकांना सांगा.

जगदेवरावांची नजर सवयीने खिडकीकडे गेली.

"उधर नाही, बाबूजी. इकडे."

ते वळले, पण मॅडमकडे. "मॅडम, याला सांगा, मला चहा सकाळी लवकर लागतो."

"मॅडम, आबांना सांगा," यशवंतराव लगेच म्हणाला, "माझी पहिली शिफ्ट असते. चहा करून ठेवीन, गरम करून घ्यावा."

बोलणं सुरू झालं, या आनंदात अंकिताने निरोप इकडून तिकडे दिले. भाजीचा, औषधांचा, किल्लीचा. खिडकीशी खरखरीत हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी इंदूच्या घशातून आवाज आला होता.

"बघा मॅडम, तुम्हालाही बसवलं माझ्या जागी."

अंकिताने कपाळाला हात लावला.

पुढेही बैठका झाल्या. बापलेक दाढ्या करून, इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर यायचे. आबा चिडतात तेव्हा दादाला काय वाटत असेल, असं अंकिताने विचारलं. तिला नम्र उत्तरं मिळाली, तिलाच. यशवंतराव तर कौतुकाने म्हणाला, मॅडमनी महिन्यातून एकदा घरी यावं. अंकिता त्या दिवशी पेन आपटून उठली.

इंदूला एकटीला बसवून तिने सांगितलं, तू गेलीस तरी ते बोलतील याची गॅरंटी नाही. थांबू नकोस.

"म्हणजे मी बरी व्हायचं, आणि घर तसंच राहायचं?"

"हो."

हे औषध इंदूला कडू लागलं. एवढ्या खुर्च्या हलवून हाती हेच. रागारागाने ती धारच्या बसमध्ये बसली.

धारमधल्या चौथ्या संध्याकाळी, शिवणाचा वर्ग चालू असताना, आबांचा फोन आला. "इंदू, त्याला सांग, मोटर बंद कर. टाकी वाहतेय." मागे दादाचा खोकला स्पष्ट ऐकू आला. त्याच खोलीतला.

"आबा, तो तुमच्या पुढ्यात आहे. तुम्ही सांगा."

"तू सांग ना, बाळा."

तिने फोन ठेवला. मग दादाचा फोन वाजला, तोही तिने वाजू दिला. तिकडे पाणी गच्चीवरून गल्लीत पडत असेल, शेजारीण ओरडत असेल. उन्हाळ्याच्या तोंडावर एवढं पाणी! दोनदा तिचा हात फोनकडे गेला. दोन्ही वेळा तिने तो मांडीखाली दाबून धरला, आणि समोर बसलेल्या मुलींना मोठ्याने सांगितलं, कापड सरळ धरा, टाका तिरका जातोय.