भावाच्या पायातली घंटी

थोरल्या भावाला कानात आवाज यायचे अन् तो रानोमाळ पळत सुटायचा. रोज कोण हुडकणार? मीच मेंढराची घंटी त्याच्या पायात बांधली.

परभणीच्या मानसोपचार डॉक्टरांनी मला गप्प बसवून थेट त्यालाच विचारलं, "आवाज काय म्हणतात?"

"आधी नुसती हाक मारायचे. घंटी बांधल्यापासून मेंढरू म्हणतात."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, घंटी सोडली अन् माझ्या पायात बांधली. "घरी जाईपर्यंत काढायची नाही."

पालमच्या एसटीत लोक माझ्याकडं बघून हसायला लागले. डॉक्टरच येडा हाय, म्हणत मी तणतणत घंटी सोडली. भावानं स्वतःहून पाय पुढं केला.

मी बांधली.