मळाईचं कवच

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं इतरांचे भुताखेतांचे अनुभव वाचते. वाचते आणि हसते, खरं सांगायचं तर. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, गाडीला हात दाखवणारी बाई... असल्या किश्शांखाली खवचट कमेंट टाकणाऱ्यांत मीही असायचे. देवाचं म्हणाल तर घरात देव्हारा आहे तो सासूबाईंनी दिला म्हणून. तेव्हा आता माझी पाळी आलीय, खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

मी चित्रकार आहे. माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं. नवरा महेश चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत पेंट शॉपमध्ये आहे, म्हणून आम्ही दिघीच्या जुन्या गावठाणात भाड्याने राहतो. घरमालक तात्या आणि त्यांच्या पत्नी आक्का, मूळचे इथलेच. शेती गेली, तिथे खोल्या उठल्या. घरामागे लष्कराच्या हद्दीची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे मळाईचं देऊळ. देऊळ म्हणजे वाकून शिरावं लागेल एवढी घुमटी. आत तांदळा. म्हणजे कोरलेली मूर्ती नाही, नुसता उभा दगड, पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून गोलमटोल झालेला, आणि वर चिकटवलेले दोन चांदीचे डोळे. दर मंगळवारी तात्या तिळाच्या तेलात शेंदूर कालवून आईला लावायचे. पाऊस असो, लग्न असो, खाडा नाही.

मी त्यांना चिडवायचे. “तात्या, एवढ्या शेंदराच्या आत दगड तरी आहे का? एकदा उघडून बघू या.”

“आईच्या पदराआड डोकावत्यात व्हय गं?” तात्या म्हणायचे, आणि तेच बोट माझ्या कपाळाला लावायचे.

मग करोना आला. माझे ड्रॉइंगचे क्लास बंद. कंपन्यांच्या भिंतींवर हेल्मेट घातलेले हसरे कामगार रंगवायची कामं मिळायची, तीही बंद. लोकांना वाटतं, मोकळा वेळ मिळाला की कलाकार चित्रं काढतो. मी भांडी घासली. कॅनव्हाससमोर बसून चेहरा काढायला घेतला की त्याला मास्कच दिसायचा. आपल्या हातातलं गेलं ते गेलंच, असं वाटून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

एका दुपारी पार्सलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवता फिरवता एक हात निघाला. बाईचा उजवा हात. कोपरापासून सरळ वर उभा, पंजा उघडा, मनगटापासून खाली बांगड्यांची चळत. कुठून आला माहीत नाही, पण बऱ्याच दिवसांनी काहीतरी सुचलं म्हणून मी हरखले. मग रोज तोच हात काढायला लागले. आणि रोज एकच चूक — करंगळी आखूड. मी मुलांना बोटांची प्रमाणं शिकवते हो! खोडायचे, नीट करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धीच. शेवटी वैतागून क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकला, ‘चूक ओळखा’ म्हणून. पोरांनी क्षणात ओळखली. तो फोटो त्या ग्रुपवर अजून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर काही दिवसांनी तात्यांना ताप आला. मग धाप. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि तात्या पायरीवर बसून राहिले, हलेनात. मला लांबूनच हाक मारली.

“पोरी, आक्कालाबी खोकला हाय, ती घरातच बंद व्हनार. तुजा हात चांगला हाय. मंगळवारचं तेवढं बघ. खाडा पडू देऊ नको.”

“तात्या, मी तर यातलं काही मानत—”

“तू नको मानू. लाव म्हंजे झालं.”

मी हो म्हटलं. त्या माणसाला तेव्हा नाही म्हणणं कुणालाच जमलं नसतं. त्याच संध्याकाळी गल्लीला दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले.

मंगळवारी घुमटीत गेले. शेंदूर भरपूर होता, पण तेलाचा डबा कोरडा ठणठणीत. गल्ली सील, आक्का तापाने फणफणलेल्या. आणि मी काय केलं? घरातून माझी जवसाच्या तेलाची बाटली आणली. ऑइल पेंटिंगला आम्ही तेच वापरतो. रंगाची पूड आणि तेल, यात न समजण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. उलट छान बसतोय, चकाकतोय म्हणून मी खूश. पुढच्या मंगळवारीही तेच केलं.

त्याच्या पुढच्या खेपेला गेले तर डाव्या डोळ्याखालून एक चीर खाली उतरली होती. केसाएवढी. बोट फिरवलं तर वरचा थर कडक लागला, पत्र्यासारखा.

महेशला बोलावलं. त्याने वास घेतला, नखाने टोकरलं आणि कपाळावर हात मारला. “काय करायलीस तू? शेंदूर म्हणजे लेड, शिसं. त्यात जवसाचं तेल... हा प्रायमर झाला की! लोखंडाला मारतेत तसला. तिळाचं तेल वाळत नसतंय, हे वाळून आवळायलंय. आतला थर मऊ, वरचा कडक. फाटणारच.”

“थांबवता येईल?”

“कंपनीत असतं तर खरवडून परत मारलं असतं,” तो म्हणाला.

मी आक्कांच्या खिडकीशी गेले. लपवायचं नाही, हे ठरवूनच गेले होते. चीर पडली म्हटल्यावर गजाला धरलेली त्यांची बोटं पांढरी झाली.

“सासूबाई सांगायच्या,” आक्का म्हणाल्या, “त्यांच्या सासूच्या येळंला, पलेगात, आईनं शेंदराचं कवच सोडलं व्हतं. आन त्याच आठवड्यात घरातला कर्ता गडी गेला.” मग एकदम हात जोडून म्हणाल्या, “पडू देऊ नको गं. काय बी कर, पर पडू देऊ नको.”

त्याच दिवशी हॉस्पिटलमधून कळलं होतं, तात्यांना आयसीयूत हलवलंय. ऑक्सिजन लावूनही श्वास पुरत नव्हता. नातेवाइकांनी यायचं नाही, फोन आम्हीच करू, असं सांगितलं होतं.

मला कळत होतं हो, की रंगाच्या थराचा आणि फुप्फुसाचा काही संबंध नाही. पण कळून काय उपयोग? चूक माझ्या हातची होती, आणि तिकडे तात्या मोजून श्वास घेत होते. शेजारणीने मधल्या भिंतीवरून तिळाचं तेल दिलं, ते मी कापसाने चिरेत सोडत राहिले. माझ्या दोन ओढण्या दगडाभोवती बांधल्या. रोज सकाळी उठून आधी घुमटीत डोकावायचं, मग फोनकडे बघायचं. चीर रोज थोडी रुंद. डॉक्टरांचं रोज तेच — “सांगता येत नाही.”

मग तो मंगळवार. भर दुपार, टळटळीत ऊन, लष्कराच्या बाजूला कुठेतरी पाण्याचा टँकर रिकामा होतोय. मी ओढणीची गाठ घट्ट करायला वाकले आणि आतून आवाज आला. वाळलेलं लाकूड चिरतं तसा. सगळं कवच माझ्या अंगावर झुकलं. मी दोन्ही हात पसरून ते धरलं. महेशला हाका मारल्या, पण तो गच्चीवर होता. केवढं जड होतं ते! छातीने रेटून धरलं, गाल शेंदराला चिकटला, आणि देव न मानणारी मी त्या दगडाला मोठमोठ्याने विनवायला लागले. नको ना, थांब ना, तात्या येईपर्यंत थांब... माझे हात भरून आले. आणि मग सुटलंच. मला कुठेही न लागता कवच माझ्या कडेने घसरून खाली बसलं.

मी डोळे मिटून उभी होते. आता फोन वाजणार, एवढंच डोक्यात.

फोन वाजला नाही. डोळे उघडले.

दगडावर एक हात कोरलेला होता. बाईचा उजवा हात. कोपरापासून सरळ वर, पंजा उघडा, मनगटाखाली बांगड्यांची चळत. आणि करंगळी अर्धी.

महेश मागे येऊन उभा राहिला होता. तो घरात गेला, पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि एक-एक पुठ्ठा त्या दगडाशेजारी धरत गेला. मग खाली बसला.

शंका घेणाऱ्यांसाठी आधीच सांगते, कारण त्या मीही घेतल्या. असे हात कोरलेल्या जुन्या सतीशिळा असतात, कॉलेजात असताना मी एखादी पाहिली असेल, मान्य. करंगळी पडताना तुटली? नाही. तुटलेल्या कडेत जुना शेंदूर खोलवर मुरलेला होता. शेंदूर चढायच्या आधीच ती मोडलेली असणार. आणि हे कवच हयात असलेल्या कुणीही उतरलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या चित्राचा ग्रुपवरचा फोटो तर कवच पडायच्या कितीतरी आधीच्या तारखेचा आहे.

आक्कांना कवच पडल्याचं सांगितलं. त्या रडल्या, पण बघायला आल्या नाहीत. “त्यांच्याबिगर मी न्हाई बघायची. आन त्यांच्या कानावर घालू नका, धसका घेतील.” आम्ही दगडावर कोरं लुगडं पांघरलं. काय दिसलं ते मी आणि महेश सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

सिनेमात येतो तसा लगेच चांगल्या बातमीचा फोन वगैरे आला नाही. ते दिवस मला आठवायचेही नाहीत. आक्कांचा ताप उतरला होता; फोन वाजला की त्या आणि मी दोघी एकमेकींकडे बघायचो, उचलायचा कुणी म्हणून. पण हळूहळू ‘सांगता येत नाही’चं ‘बघू’ झालं, ‘बघू’चं ‘बरं आहे’ झालं. आणि पत्रे निघाल्यावर एका सकाळी तात्या घरी आले. निम्मे झालेले, पण चालत.

आठवडाभर तात्यांना घराबाहेर पडायची मनाई होती, आणि आम्हीही कुणी विषय काढला नाही. मग त्यांनीच मला हाक मारली. ओसरीवर बसले होते, मांडीवर नवीकोरी साडी-चोळी.

“पोरी, तुला फोनबिन करायची सवय हाय. हास्पिटलात चवकशी कर. एका नर्सबाईला ही द्यायची हाय.”

“नाव काय त्यांचं?”

“नाव कुठलं ठावं! मी म्हनजे गेल्यातच जमा व्हतो. ती यायची आन छातीवर हात ठिवायची. ठिवला की श्वास सरळ व्हायचा. बाकी समद्यांचं हात रबराचं, थंडगार. हिचा उघडा. बांगड्या वाजायच्या.”

“तात्या, तिथे उघड्या हाताने कुणी नाही येत. बांगड्या तर नाहीच.”

“म्हनून तर ध्यानात ऱ्हायली.”

“चेहरा?”

“चेहरा कुनाचा दिसतोय तिथं! पर वळखू येईल की. उजव्या हाताची करंगळी अर्धीच हाय तिची. आधी कंपनीत आसंल, प्रेस मशीनवर गेली आसंल बिचारीची...”

आमच्या या कंपन्यांच्या पट्ट्यात कुणाचं बोट तुटलेलं दिसलं की हेच मनात येतं. मी मात्र आक्कांकडे बघितलं. आक्कांना काहीच माहीत नव्हतं, त्या नुसत्या मान डोलवत होत्या.

मी तात्यांना दंडाला धरून उठवलं आणि घराच्या मागे नेलं. आक्का मागून आल्या. घुमटीत वाकून मी लुगडं बाजूला केलं.

तात्यांनी आपला सुरकुतलेला हात त्या पंजावर टेकवला, बोटावर बोट. करंगळीपाशी आले आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. साडी-चोळी त्यांनी तिथेच ठेवली.

मंगळवार आला. मी तिळाचं तेल आणून शेंदूर कालवून ठेवला, या वेळी नीट. तात्यांनी वाटी बाजूला सारली.

“आता नको. हात मोकळा ऱ्हाऊ दे. कुनाला तरी लागंल.”

तेव्हापासून आईला शेंदूर नाही, फक्त हळद-कुंकू. कवच का पडलं ते महेशला विचारा, तो कागदावर काढून समजावेल. बाकीचं त्यालाही विचारू नका, मलाही. आपण देव मानतो का, हेही मला आता धड सांगता येत नाही. क्लास पुन्हा सुरू झालेत. मुलांना मी अजून बोटांची प्रमाणं शिकवते, चुकली की खोडायला लावते. माझा तो हात मात्र अधूनमधून निघतो कागदावर, आणि करंगळी अर्धीच निघते. आता मी ती खोडत नाही.