उजवं फूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवीलाही नाही — पण तिला काय सांगायचं? माझे हात तिनं पाहिलेच होते.

आम्ही बेळगावजवळच्या एका खेड्यातले गुरव. कुणाला काही ठरवायचं असलं की कौल लावायला आमच्याकडं येत. देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देवीचा शब्द कुणी मोडत नसे.

बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या पलटणी लढाईवर गेल्या त्या साली गंगूच्या लग्नाचा कौल लागला. आमच्याच जातीतली, रोज सकाळी देऊळ झाडायला येणारी. तिला दोन स्थळं — संकेश्वरचा शाळामास्तर, आणि मी. मास्तर तिला वाचायला शिकवणार होता. तिचा जीव तिकडं लागलेला. मला ते ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

संकेश्वरला द्यावी का, असं तिच्या आप्पांनी देवीला विचारलं. माझ्या वडिलांचे हात कापायचे, म्हणून फुलं मी लावली. आणि उजव्या फुलाखाली — सांगताना अजून जीभ अडते — मी ओला गूळ लावला.

डावं पडलं. गंगू माझ्या घरी यायची ठरली.

दुसऱ्या सकाळी गाभाऱ्यात गेलो, तर मुंग्यांची रांग लागलेली, आणि गंगू ओल्या फडक्यानं मूर्ती पुसत होती. हिला काय कळणार, असं वाटलं मला. केवढा शहाणा मी.

तिनं पोरं वाढवली, माझ्या आईचं दुखणं काढलं, माझा तापट स्वभाव हसण्यावारी नेला. वाण्याच्या पुडीचा छापील कागद मात्र उलगडून नुसती बघत बसायची. काय बघतेस म्हटलं, तर म्हणायची — पदरी पडलं, पवित्र झालं. तिच्यामुळं माझा जन्म गोड झाला. तिचे उपकार मी कुठं ठेवू?

गेल्या साली ती अंथरुणाला खिळली. बरी होईन का, देवीला विचारून या म्हणाली. मी उठलो, तसा तिनं माझा हात धरला.

"या खेपंला निसत्या पाण्यानं लावा. गूळ नगं."

रागानं नाही — हसून. म्हणजे सारं माहीत असून? इतकी वर्षं?

मी नुसतं पाणी लावलं. डावं फूल आधी पडलं. उजवं पडलं असं सांगता आलं असतं. मी ते डावं फूल आणून तिच्या पदरात घातलं, आणि डावं पडलं म्हणून सांगितलं.

तिनं ते उचलून केसात माळलं.