गाभारा खालच्या अंगाला

बेलाचा वास आला की माझी फजिती आठवते. आनंदनगरच्या कारखान्यात नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून मी साहेबांपुढे फुशारकी मारली, "अंबरनाथचं देऊळ? तोंडपाठ आहे!" मग साहेब, त्यांचा परदेशी पाहुणा आणि मी असे तिघे तिथे गेलो. पाहुण्याच्या हातात त्याच्या पणजोबांनी प्रवासात काढलेलं त्याच देवळाचं चित्र. "आमच्या घरी भारत म्हणजे हेच," तो म्हणाला. काळ्या दगडाच्या गारव्यात मी ऐटीत बोट वर केलं, "गाभारा वरती." पायऱ्या मात्र खाली जात होत्या. साहेबांनी डोळे वटारले. इतक्यात दर्शनाला आलेली एक मावशी खाली बोट दाखवत म्हणाली, "भाऊ, देव खाली हाय, उतरा की!" पाहुणा खळखळून हसला, साहेबही हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी बायको म्हणाली, "दर सोमवारी मी दर्शनाला आत जाते आणि तुम्ही चपला राखत बाहेर बसता. पाहुण्याने तरी तुम्हाला आत नेलं!"