काचेचा डबा

शिवाजी पेठेत अल्लाउद्दीनचं वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचं दुकान आहे. पाटीवर नाव त्याचं, पण डिझाइन सगळं त्याची बायको सबिना करते. जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा दोघं बेताचे पैसे घेऊन नवा बघायला गेली.

“रॅम जास्तीची घ्या, बाकी साधं चालंल,” सबिना म्हणाली.

अल्लाउद्दीनची नजर एका कॉम्प्युटरच्या काचेच्या कॅबिनेटवर खिळली होती. आत लाल-निळे दिवे फिरत होते.

“रॅम काय गिऱ्हाइकाला दिसतीया व्हय? ह्यो डबा बघून माणूस आत शिरंल की.”

पैसे दिव्यांवर गेले.

माणसं खरंच शिरली. पहिलंच काम गल्लीतल्या एका दादांच्या वाढदिवसाचं. मध्ये दादा, भोवती शुभेच्छुकांची पाच-पन्नास मुंडकी. निम्मी बसवून झाली आणि कॉम्प्युटर गोठला. दिवे तेवढे फिरत राहिले. दादांची माणसं बराच वेळ ते बघत बसली, मग उठून पलीकडच्या दुकानात गेली.

दुसऱ्या दिवशी सबिना एकटीच उचगावला गेली. एका बंद झालेल्या ऑफिसातला वापरलेला, काळा, दणकट कॉम्प्युटर तिने आणला आणि पडद्यामागे मांडला. आता कामं वेळेत होतात.

काचेचा डबा काउंटरवर झगमगत असतो. “सगळं काम ह्याच्यावरच हाय, पावणं,” अल्लाउद्दीन येईल त्याला सांगतो. “बायको नगं म्हणत हुती. बायकांना ह्यातलं काय कळतंय?”

पडद्यामागे सबिना पुढच्या दादांच्या डोळ्यांवर गॉगल बसवत असते.